तीनदा चुकल्यावर मिळणारा आवाज

नेटची वायर शोधू नका, मॅडम, ती माझ्याकडे आहे — ही बघा. तुम्ही बाटली भरायला गेलात तेव्हा काढली मी भिंतीतून. तोडलेली नाही हां, नुसती उपसली आहे, परत लावली की टक् करून बसते. तुम्ही बसा ना. आरडाओरडा करू नका, बाहेर लॉकरपाशी सगळी पाळी उभी आहे कपडे बदलत, त्यातले निम्मे मला ओळखतात, उगाच तमाशा होईल. दार लावलेलं नाही मी, नुसतं लोटलंय. मी तुम्हाला काही करणार नाही — आता असं म्हणणारा माणूसच काहीतरी करतो, कळतंय मला, पण मग दुसरं काय म्हणू? माझं एवढंच म्हणणं आहे की तो नवा कोर्स आत्ता चढवू नका. तुमचा हात त्या बटणावर होता ना मघाशी, मी काचेतून बघत होतो. ते एकदा दाबलं की सगळ्या टॅबमध्ये नवा येतो आणि जुना पुसला जातो, बरोबर ना? माहीत आहे मला. चढवा तुम्ही, तुमचं काम आहे, उद्या दुपारी चढवा — पण आज नको. आणि त्याआधी माझं एक काम करून द्या. एक शब्द पाहिजे मला त्या कॉम्प्युटरमधून. एकच.

मी कोण म्हणजे? मी आतला. कोल्ड स्टोअरेजला खोकी लावतो. लावायचो — ते सांगतो नंतर. आणि तुम्ही बसलात ना, ती खुर्ची माझ्या बहिणीची. उठू नका, बसा, मी तसं म्हणून नाही सांगत. इथले सगळे कोर्स तिने केलेले, नव्या माणसाला आत सोडायच्या आधी टॅबवर दाखवतात ते, आणि त्यात बोलते ती पण तीच. तुम्हाला सांगितलं असेल ना, आधीची बाई गेली म्हणून. तुम्हाला काय वाटलं, नोकरी सोडून गेली? वाटतं तसं लोकांना. साहेब लोक असंच बोलतात, जपून जपून. नाही, ती वारली. आई हॉस्पिटलात होती, तिच्याकडून निघून ती इकडे कामावर येत होती, स्कूटरवर, आणि चौकात ट्रक वळला. जागच्या जागी, असं म्हणाले पोलीस — म्हणजे त्रास नाही झाला असं म्हणायचं असतं त्यांना. अजून महिनासुद्धा झाला नाही नीट. पाणी नको मला. तुम्ही प्या.

तुमचा आवाज वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. सकाळी ऐकला मी, तुम्ही तपासून बघत होतात तेव्हा. छान आहे, स्वच्छ आहे, बँकेला फोन लावल्यावर येतो तसा. आणि कोर्स बदलायला पाहिजे हेही मान्य — आतली दारं बदलली, घंटा बदलली, तपासणीवाले येणार आहेत, ताई असती तर तिनेच बदलला असता. पण तिचा आवाज मला उद्यापर्यंत पाहिजे. का पाहिजे, ते — जाऊ द्या, तुम्ही हसाल. नाही, हसणार नाही तुम्ही, घाबराल. बरं सांगतो. आईला माहीत नाही.

आईला अजून माहीत नाही की ताई नाही. तिला अर्धांगाचा झटका आला होता ना, म्हणून तर हॉस्पिटलात. डावी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, पण ऐकू नीट येतं आणि डोकं शाबूत आहे, तोच तर घोळ. ताई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आत्ता सांगू नका, हिला धक्का सोसणार नाही. मावशी म्हणाली, मग काय सांगायचं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — कंपनीने ताईला बाहेरगावी पाठवलंय, ट्रेनिंगला. माझं असंच आहे, आधी तोंड चालतं, मग डोकं. झालं. आई म्हणाली, मग फोन लावून दे. रोज तेच. आल्यागेल्या नर्सला म्हणायची, माझ्या मुलीला फोन लावा. मग मी काय केलं — ताईचा फोन होता माझ्याकडे, पोलिसांनी दिलेला, कोपऱ्यात काच तडकली आहे एवढंच, चालतो — आणि इथून एक टॅब नेला. हो, कंपनीचाच, चार्जिंगच्या कपाटातून. चोरी म्हणा. हॉस्पिटलच्या जिन्यात बसलो, कोर्स उघडला, ताईच्या फोनवरून आईला फोन लावला आणि टॅबचा स्पीकर फोनला टेकवला.

असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय केलं असतं?

पहिल्या वेळी तर हाताला नुसता घाम, भलतंच बटण दाबलं गेलं आणि ताई म्हणाली, 'आत जाण्यापूर्वी जाकीट, टोपी आणि हातमोजे घाला.' म्हटलं, संपलं, मेलो आपण. आणि तिकडून आई — ती आता एकेक शब्द ओढून बोलते, पायरी चढल्यासारखं — आई म्हणते, 'तिकडे थंडी आहे वाटतं. तू पण घाल गं.' मी जिन्यात बसून तोंडावर हात दाबून हसलो, मॅडम. ताई गेल्यापासून पहिल्यांदा हसलो. मग हसता हसता ते दुसरंच काहीतरी झालं, पण फोन चालू होता ना, आवाज करता येत नव्हता. मग मी दुसरं बटण दाबलं, ताई म्हणाली, 'एकट्याने आत जाऊ नका, सोबत कोणाला तरी घ्या.' आई म्हणाली, हो, मावशी आहे सोबत. जमलंच की हो. आमचा धंदाच तसा — थंडी, हात सुन्न पडणं, दार नीट लागलं का, सोबत कोणी आहे का, बरं वाटत नसेल तर लगेच बाहेर या — सगळी आईला सांगायचीच वाक्यं. लोखंडाच्या कारखान्यात असती ताई तर मी अडकलो असतो.

फक्त एक गोष्ट. कोर्समध्ये ती सगळ्यांना तुम्ही म्हणते. घाला, घ्या, बघा. कामगारांना अरे-तुरे कसं करणार? आणि आईला कोण तुम्ही म्हणतं? एकदा आईने विचारलंच, मला कशाला तुम्ही-बिम्ही करतेस, साहेबीण झालीस का? आता याला कुठलं बटण दाबू? मी घाबरून दोनदा दाबलं आणि — तुम्हाला माहीतच असेल, पहिला आवाज थांबवायचं राहिलं आहे तिथे, चौथ्या का पाचव्या स्लाइडला — दोन ताया एकदम बोलायला लागल्या. एकीवर एक. ती चूक ताईला सापडली होती, नीट करणार होती ती, साहेबांना तसं म्हणाली होती. राहिलं. मी फोन ठेवून दिला. आईला सांगितलं, तिकडे ऑफिसातले लोक बसलेले असतात समोर, म्हणून तुम्ही म्हणते आणि रेंज पण नाही. आई नुसतं छताकडे बघत राहिली. तिचं ते छताकडे बघणं मला आवडलं नाही.

तुम्हाला यातलं मी काय सांगणार, तुमचंच काम ते. शाळा तर मी आठवीतच सोडली, सोडली म्हणजे काढलं, मुलाचं डोकं फोडलं होतं मी. पण हे मला येतं थोडं, ताईने शिकवलं होतं, ओट्यावरचे डबे मांडून. व्हेरिएबल म्हणजे डबा, म्हणाली. डब्यावर नाव लिहायचं, नाव बदलत नाही, आतलं बदलतं. एक डबा 'ऐकलं' नावाचा. आधी त्यात 'नाही' असतं. आवाज शेवटपर्यंत वाजला की त्यात 'हो' पडतं. आणि ट्रिगर म्हणजे त्या डब्यावर डोळा ठेवून बसलेला माणूस — 'हो' दिसलं की पुढचं बटण उघडतो, तोवर नाही. कोणी नुसता दाबत सुटला तर चालणार नाही, ऐकावंच लागेल. मी म्हटलं, म्हणजे तू घरी करतेस तेच की हे, माझं ऐकून घेतल्याशिवाय उठायचं नाही. तिने उलथनं फेकून मारलं मला. लागलं नाही, नेम कच्चा तिचा.

आणि दुसरा डबा 'चूक' नावाचा. तो फोनवर फार कामाला येतो. प्रश्नाचं उत्तर चुकलं की त्या डब्यात एक वाढतो आणि कितवी चूक त्यावरून ती काय बोलणार ते ठरतं. पहिल्यांदा चुकलात तर म्हणते, 'पुन्हा एकदा विचार करा.' दुसऱ्यांदा, 'घाई करू नका, नीट बघा.' आणि तीनदा चुकलं ना की म्हणते, 'काळजी करू नका. आपण पहिल्यापासून सुरू करू.' ते वाक्य तुम्ही ऐकलंय? नाही ऐकलं असणार, तुम्ही चुकत नसाल. ते ती वेगळंच बोलते. बाकीचं वाचल्यासारखं आणि हे बोलल्यासारखं. मी तिला विचारलं होतं, ते म्हणताना कोण डोळ्यांसमोर होतं? म्हणाली, तू, गाढवा, अजून कोण तीनदा चुकणार. तर ते वाक्य आईसाठी मी राखून ठेवायचो, शेवटी. आई म्हणायची, घरी कधी येतेस? — मी आधीच दोन चुकीची उत्तरं दाबून ठेवलेली असायची, म्यूट करून, म्हणजे डब्यात दोन तयार. मग म्यूट काढायचं आणि तिसरं दाबायचं. 'काळजी करू नका.' आणि लगेच फोन ठेवायचा.

काय म्हणालात? आईचं कळलं, पण तो तूच ना, फोन नसतानाही तो टॅब घेऊन बसतोस, काल पण लॉकरमागे बसला होतास. कोणी सांगितलं तुम्हाला, सुपरवायझरने? म्हणजे बोललेत तर तुमच्याशी माझ्याबद्दल. बोलू द्या. हो, बसतो. मुद्दाम चुकतो आणि ऐकतो, काय करणार आहात? पास होणं मला परवडत नाही. पास झालं की तिसऱ्या डब्यात 'पूर्ण' पडतं आणि मग माझ्या नंबरावर तो कोर्स वर्षभर उघडतच नाही, कुलूप. तुम्ही लोकांनीच तसं ठेवलंय. आणि माझी परीक्षेची मुदत संपली, पास नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मला बाहेर बसवलंय, खोक्यांना चिकटपट्टी लावायला. सगळे हसतात. सख्ख्या बहिणीने केलेला कोर्स आणि याला पास होता येत नाही. सुपरवायझर म्हणाला, अरे, तिच्या नावाला तरी जप. मी त्याची कॉलर धरली. म्हणजे धरणार होतो. धरली. त्याचं पत्रक निघालंय, परवा साहेबांपुढे उभं राहायचंय मला. ते जाऊ दे, हे मी सांगणार नव्हतो तुम्हाला. विसरा.

शब्द. शब्दाचं सांगतो. उद्या सकाळी आईच्या मानेचं ऑपरेशन आहे. तिथली शीर बुजत चालली आहे, साफ केली नाही तर दुसरा झटका येणार, डॉक्टर म्हणाले, आणि तो आला तर मग बघायला नको. दोनदा पुढे ढकललं तिच्या तब्येतीपायी, आता तिसऱ्यांदा नाही ढकलता येणार. आणि आई काल म्हणते, मी नाही जात. का? म्हणे, ती फोनवर आल्यापासून एकदाही मला आई म्हणाली नाही. जाकीट घाला म्हणते, काळजी करू नका म्हणते, आई म्हणून हाक नाही मारली. तिला हाक मारायला सांग, मग जाते आत. सगळे सांगून दमले, मावशी, डॉक्टर, मी तर ओरडलो तिच्यावर. आता माझ्यावर पण ओरडतोस का, म्हणाली. कागदावर अंगठा उठवायचा तर उजवा हात उशीखाली घालून बसली आहे, मॅडम, लहान पोरासारखी.

सगळा कोर्स ऐकला मी काल. सगळे कोर्स ऐकले, आग लागल्यावरचा, खोकं उचलण्याचा, अमोनिया गळतीचा. कुठे 'आई' नाही. का असेल? कोल्ड स्टोअरेजमध्ये आईचं काय काम? पण मला माहीत आहे तो शब्द कुठे आहे, म्हणून तर आलो. ताईने पहिला कोर्स घरी बोलून भरला होता. या खोलीत तेव्हा कॉम्प्रेसरची घरघर यायची, भिंतीवरचं हे फोम नंतर लावलं. घरी ती कपड्यांच्या कपाटात शिरून बसायची, अंगावरून रजई घेऊन, हातात टॉर्च, आणि मी बाहेर पहारा द्यायचो कोणी आवाज करू नये म्हणून. एकदा आईने मध्येच मिक्सर लावला आणि कपाटातून ताई ओरडली तिच्यावर. मी होतो तिथे. ते भरलं गेलं असणार ना? ती कापलेलं कधी टाकून देत नव्हती, 'कच्चं' नावाच्या एका फोल्डरात सगळं ठेवायची. तुमच्या या कॉम्प्युटरवर. तुम्ही अजून साफ केलं नसेल तर. नसेल ना केलं? सांगा ना. मी काल साहेबांकडे गेलो तर म्हणाले, अर्ज दे. परवाच्या चौकशीच्या वेळी बोलू. परवा काय करू त्या शब्दाचं, डोक्यावर लावू?

हो. वायर माझ्याकडेच राहू दे, ते शोधायला वायर लागत नाही. शोधा तुम्ही. मी इथे भिंतीशी उभा राहतो, तुमच्या मागे नाही येत. — मिळालं? 'कच्चं'च ना नाव? उघडा. केवढ्या फायली आहेत. तारखा बघू नका, पहिल्यापासून ऐका, ती तेव्हा नावं पण देत नव्हती नीट. हेडफोन लावा, मला नको एकदम. आधी तुम्ही ऐका. मिक्सर आला की सांगा.

तुम्हाला वाटत असेल, हे बरोबर नाही. वाटू दे, मावशीला पण वाटतं. मावशी म्हणते, तू आईला फसवत नाहीस, तू त्या बाईला तिच्या पोरीसाठी रडू देत नाहीस. मोठी आली. तिला म्हटलं, मग तू सांग. तर पदर तोंडाला लावून बाहेर. डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही सांगा, ते म्हणाले, घरच्यांनी सांगितलेलं बरं. घरचे म्हणजे कोण? मी. मी एकटा उरलोय घरचा. दोनदा गेलो होतो सांगायला. खाट वर-खाली करायचा दांडा असतो ना पायथ्याशी, तो धरून उभा राहिलो. आईने विचारलं, काय रे? मी म्हटलं, खाट वर करू का? आणि करत बसलो वर. दुसऱ्यांदा खाली केली. बाहेरच्या माणसाला बघा कसं पटकन सांगून टाकलं मी, ट्रक आणि सगळं, तुम्हाला. तिच्यासमोर तोंडच — हं? काय झालं? आला मिक्सर?

तुमचा चेहरा काय सांगतोय, आहे ना? काढा ते हेडफोन. स्पीकरवर लावा. लावा हो.

…

थांबा. पुन्हा लावा.

…

'आई, थांब ना गं जरा, चालू आहे माझं.' बघा. म्हटलं नव्हतं? आणि ही दुसरी कोण बोलली, कळलं का तुम्हाला? 'काय चालू आहे, कपाटात बसून एकटीच बडबडतेस ते?' ती आई. आमची आई आहे ती. नीट बोलतेय बघा, एका दमात, तोंड वाकडं नाही काही नाही. हे मला ध्यानातच नव्हतं, की ती पण असेल यात. मी ताईला शोधायला आलो होतो. आणि तो मागे जो खिंकाळतोय तो मी. कसला बेअक्कल हसतोय. पुन्हा — नको, पुन्हा नका लावू. वेळ नाही. पुढचं कापा. मागचं पण कापा, मिक्सर यायला नको. फक्त 'आई'. एक कोरी स्लाइड घ्या, त्यावर एक बटण, बटण दाबलं की एवढंच वाजलं पाहिजे, दुसरं काही नाही, डबा-बिबा काही नको. दाबलं की वाजलं. जमेल ना? सारखं मागे वळून बघताय, मॅडम. माझ्यामुळे का? मी बसतो खाली, हे बघा, जमिनीवर बसलो. आता कापा.

वाजवून बघा. — थोडी चिडकी वाटते का? चिडूनच म्हणाली होती ती. पण आईला चालेल. आमच्याकडे असंच बोलतात, आमच्या घरात प्रेमाने बोललं तर विचारतात, काय पाहिजे. अजून एकदा. हां. छान आहे. तुम्हाला देव — जाऊ दे, मला बोलता येत नाही तसलं. आता हे टॅबमध्ये घालून द्या, मी जातो हॉस्पिटलला, जिन्यात बसून —

श्श्. हा ताईचा फोन वाजतोय. खिशातला. आई आहे. आई कशी? ती कधी लावत नाही, तिला लावता येत नाही, नेहमी मीच लावतो. मावशीने लावून दिला असणार. काय झालं असेल? बंद करू? बंद केला तर ती म्हणेल उचलत नाही, आणि मग उद्याचं राहिलंच. नाही, उचलतो. इकडे घ्या, तुमच्या स्पीकरजवळ धरतो. मी मान हलवली की दाबा. एकदाच दाबा. एकही शब्द बोलू नका तुम्ही. श्वास पण हळू.

दाबा.

…

…

 ऐकू आलं नसेल. पुन्हा दाबा — नको, थांबा. थांबा, बोलतेय. हळू बोलतेय. तुम्हाला ऐकू येतं का? काय म्हणाली? मिक्सर म्हणाली का? मी मिक्सर लावला होता तेव्हाची आहे ही — असंच म्हणाली ना? तुम्ही पण ऐकलंत ना?

आता माझं नाव घेतेय. ताईच्या फोनवर माझं नाव घेतेय. दाबू नका, हात काढा त्यावरून. हात काढा म्हणतो ना.

हॅलो. आई. हो, मीच.

… नाही, कामावर आहे. … नाही, मी एकटा नाही. एक मॅडम आहेत इथे, ट्रेनिंगच्या. … हो. हो, ताईच्या खोलीत.

… कधीपासून? … मावशीने सांगितलं? … मग कसं? … असं नुसतं कसं कळतं, आई? … मग तू बोलत का होतीस तिच्याशी, रोज, एवढा वेळ? … आणि हाक मारायला सांग म्हणून हट्ट कशाला धरलास? मी किती फिरलो त्याच्यासाठी, तुला काही — … काय? जरा मोठ्याने बोल. … मी सांगावं म्हणून.

… बरं. … पण तुला माहीत आहे ना आता, मग कशाला सांगायला लावतेस? … आई, तू उद्या जाणार ना आत? आधी ते सांग. … नाही, आधी ते. … सांगतो. सांगतो म्हणलं ना. खरंच. … रडत नाही मी. तू थांब. एक मिनिट धर फोन, ठेवू नकोस, धरून ठेव.

मॅडम, तुम्ही बाहेर जा जरा. — हो, तुमचीच खोली आहे, माहीत आहे मला. जा.